एआरटी सुरू झाली आणि डोळ्यापुढे जाळं आलं: गोळ्या थांबवू नका, पडदा दाखवा

प्रश्न सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंचा आहे. त्यांच्या भावाचं वय ३६. दोन महिन्यांपूर्वी एचआयव्ही असल्याचं कळलं तेव्हा सीडी-४ पेशी, म्हणजे प्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त ३१ होत्या, शिवाय मानेतल्या गाठींचा टीबी निघाला. आधी टीबीची औषधं सुरू झाली, दोन आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. आता ताप गेला, जेवण जातंय, वजन चार किलोंनी वाढलं. पण गेल्या आठवड्यापासून उजव्या डोळ्यापुढे काळ्या माशा फिरतात आणि त्या डोळ्याने एका बाजूचं दिसत नाही. दुखत नाही, डोळा लालही नाही. घरची मंडळी म्हणतात, एवढ्या गोळ्यांची उष्णता डोळ्यांत उतरली, थोडे दिवस बंद ठेव. तर गोळ्या बंद करायच्या का, आणि हे नेमकं काय आहे?

ताई, आधी उत्तर सांगतो, कारण नंतर. गोळ्या बंद करू नका, एक दिवसही नको. आणि उद्याच्या उद्या भावाला पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, डॉक्टरकडे न्या. पुढच्या महिन्यात एआरटीची तारीख आहे तेव्हा विचारू, असं करू नका. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून येऊ नका, मेडिकलमधून थेंब आणून घालू नका. बाहुली मोठी करून आतला पडदा पूर्ण बघितला गेला पाहिजे. हे काम साधारण अर्ध्या-पाऊण तासाचं आहे आणि त्यावर त्याचा डोळा अवलंबून आहे.

मी पडद्याच्या आजारांचा डॉक्टर आहे. वीसहून अधिक वर्षं एआरटी सेंटरकडून आलेले रुग्ण तपासतोय. तुम्ही लिहिलेल्या चार गोष्टी एकत्र आल्या की माझ्या मनात पहिला संशय एकाच आजाराचा येतो: सीडी-४ पन्नासच्या खाली, एआरटी नुकतीच सुरू, डोळ्यापुढे माशा, आणि दृष्टीचा एक भाग गायब. तो आजार म्हणजे सीएमव्ही रेटिनायटिस. न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा हा संशयच समजा. पण हा संशय थांबून राहण्यासारखा नाही.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलो व्हायरस. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात तो लहानपणीच कधीतरी शिरलेला असतो आणि आयुष्यभर गप्प पडून राहतो. पांढऱ्या पेशी त्याच्यावर पहारा देतात. सीडी-४ पन्नासच्या खाली गेल्या की पहारा उठतो, मग तो रक्तातून डोळ्याच्या पडद्यात जाऊन बसतो आणि पडदा कुरतडायला लागतो. पडद्याला दुखण्याच्या नसा नाहीत, त्यामुळे दुखत नाही. सगळं आतमध्ये चाललेलं असतं, त्यामुळे डोळा बाहेरून पांढराशुभ्र. आरशात बघून कळत नाही, शेजाऱ्याला दिसत नाही, आणि बाहुली मोठी न करता नुसती बॅटरी मारून बघणाऱ्या डॉक्टरलाही दिसत नाही.

आम्हाला काय दिसतं ते सांगतो, म्हणजे तपासणीचा आग्रह का धरतोय ते कळेल. थेंब घालून अर्धा तास बसवायचं. मग अंधाऱ्या खोलीत रुग्णाला आडवं झोपवायचं, डोक्याला दिवा बांधायचा, हातात भिंग घ्यायचं आणि सांगायचं: वर बघा, खाली बघा, उजवीकडे, डावीकडे. निरोगी पडदा नारिंगी-लाल, एकसारखा दिसतो. सीएमव्ही झालेल्या पडद्यावर रक्तवाहिनीच्या कडेकडेने पिवळट-पांढरा पट्टा असतो आणि त्यावर रक्ताचे शिंतोडे, घट्ट सायीवर कुंकू सांडावं तसे. पट्ट्याची कड बारीक रव्यासारखी दाणेदार असते. ती कड म्हणजे आजाराची चालती सीमा. औषध मिळालं नाही तर ती दिवसागणिक केसभर सरकत राहते आणि जिथून गेली तिथला पडदा कायमचा मेलेला असतो. मेलेला पडदा परत जिवंत करणारं औषध अजून कोणाकडे नाही. म्हणून मी ‘उद्या’ म्हणतोय.

आता उष्णतेचं. घरच्यांना असं वाटणं साहजिक आहे. दोन महिन्यांपूर्वी डोळे बरे होते, गोळ्या सुरू झाल्या आणि डोळा बिघडला, मग दोष गोळ्यांवरच जाणार. पण घडलेलं बहुधा वेगळं आहे. एक तर आजार आधीपासूनच पडद्याच्या कडेला असतो, मधल्या दृष्टीपर्यंत आलेला नसतो म्हणून जाणवलेला नसतो. दुसरं, एआरटीने झोपलेली प्रतिकारशक्ती जागी होते आणि तिला पडद्यात लपलेला शत्रू पहिल्यांदा दिसतो. मग ती त्याच्यावर तुटून पडते. त्या मारामारीत सूज येते, डोळ्यातल्या स्वच्छ जेलीत पेशी उतरतात आणि त्या सावल्या माशांसारख्या फिरतात. म्हणजे गोळ्या काम करायला लागल्या म्हणून आजार उघडा पडला. गोळ्या बंद केल्या तर मारामारी थांबेल खरी, पण शत्रूच्या बाजूने.

काही वर्षांपूर्वी मराठवाड्यातून एक तरुण आला होता. त्यालाही एका डोळ्यापुढे जाळं आलं होतं आणि कोणीतरी हेच सांगितलं होतं: उष्णता आहे, गोळ्या थांबव, सब्जा आणि गुलकंद घे. तीन महिने त्याने तसंच केलं. माझ्याकडे आला तेव्हा पहिल्या डोळ्याचा पडदा सरकून गेला होता आणि दुसऱ्या डोळ्यातही आजार शिरला होता. दुसरा डोळा आम्ही वाचवला, निम्म्या दृष्टीसह. तो एआरटी परत घ्यायला लागला, आजही घेतो. त्याची आई दरवेळी सोबत येते आणि दरवेळी मला एकच विचारते, तेव्हा लगेच आणलं असतं तर? तिला मी खोटं सांगू शकत नाही.

सीएमव्ही निघालाच तर उपचार आहेत, आणि चांगले आहेत. व्हॅलगॅन्सायक्लोव्हिरच्या गोळ्या तोंडाने देता येतात: ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, तीन आठवडे, नंतर दिवसातून एकदा. मूत्रपिंडाचं काम कमी असेल तर डोस कमी करावा लागतो. गोळ्या महाग आहेत आणि रक्तातल्या पेशी खाली आणतात, म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावं लागतं. एआरटीतलं झिडोव्हुडिन चालू असेल तर रक्त आणखी घसरतं, तेव्हा कोणती एआरटी चालू आहे ते डोळ्याच्या डॉक्टरला नावानिशी सांगा. दुसरा मार्ग म्हणजे गॅन्सायक्लोव्हिरचं इंजेक्शन थेट डोळ्यात. ऐकून पोटात गोळा येतो, ते मला माहीत आहे. प्रत्यक्षात डोळा थेंबांनी बधिर करतात, पापण्या क्लिपने उघड्या ठेवतात, आयोडीनने धुतात आणि बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर बारीक सुईने ०.१ मिलिलिटर औषध आत सोडतात. मोजून दोन सेकंद. रुग्णाला दाब जाणवतो, कळ क्वचितच. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा. यात खर्च कमी आणि पडद्यावर औषध भरपूर पोचतं. पण दुसऱ्या डोळ्याला आणि बाकी शरीराला त्याचं संरक्षण मिळत नाही. म्हणून परवडत असेल तर मी दोन्ही देतो: मधल्या दृष्टीजवळ आजार असेल तर पहिल्या दिवशी इंजेक्शन, आणि सोबत गोळ्या.

हे औषध जन्मभर नाही. सीडी-४ शंभरच्या वर जाऊन तीन ते सहा महिने टिकले आणि पडद्यावरचा व्रण शांत असला की थांबवता येतं. तीन औषधांची एआरटी १९९६ च्या सुमाराला आली. त्याआधी अमेरिकेत एड्सच्या दर दहा रुग्णांमागे साधारण तिघांना हा आजार व्हायचा, औषध मरेपर्यंत चालायचं आणि तरी बरेच जण आंधळे होऊनच जायचे. आपल्याकडे सरकारी मोफत एआरटी १ एप्रिल २००४ ला सुरू झाली, मुंबईचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक. त्याआधीच्या आणि नंतरच्या ओपीडीत मी फरक बघितला आहे. डोळे वाचवणारं सर्वांत मोठं औषध एआरटीच आहे, बाकी आम्ही सगळे तिचे मदतनीस.

व्रण शांत झाल्यावरही दोन गोष्टींवर लक्ष ठेवावं लागतं. पहिली म्हणजे पडदा सरकणं. बऱ्या झालेल्या जागी पडदा विरलेल्या कापडासारखा पातळ असतो, त्याला भोकं पडतात, पाणी आत शिरतं आणि पडदा भिंतीवरून सुटतो. कडेने काळा पडदा ओढल्यासारखं दिसणं, लखलख विजा चमकणं, अचानक माशांचा पाऊस पडणं ही त्याची खूण. ऑपरेशन त्याच आठवड्यात व्हावं लागतं. बहुतेक वेळा आत सिलिकॉन तेल भरतो. दुसरी गोष्ट काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी येते. सीडी-४ चांगले चढतात, रिपोर्ट बघून घरात पेढे वाटावेसे वाटतात आणि नेमकी तेव्हाच नजर धूसर होते. याला आम्ही इम्यून रिकव्हरी युव्हायटिस म्हणतो. विषाणू मेलेला असतो, पण प्रतिकारशक्ती जुन्या रणभूमीवर अजून लढत असते, आणि मधल्या पडद्याला सूज येते. उपाय म्हणजे स्टेरॉइड, बहुतेकदा डोळ्याच्या बाजूला इंजेक्शन. आधीचा व्रण जितका मोठा, तितकी याची शक्यता जास्त. इथेही एआरटी चालूच ठेवायची.

स्टेरॉइडचा विषय निघाला म्हणून एक इशारा, तुमच्या भावासाठी नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. ज्यांच्या औषधांत रिटोनाव्हिर आहे, म्हणजे दुसऱ्या फळीतली (पहिली एआरटी चालेनाशी झाल्यावर दिली जाणारी) ॲटाझानाव्हिर-रिटोनाव्हिर वगैरे घेणारे, त्यांनी डोळ्यात किंवा डोळ्याशेजारी स्टेरॉइड घेण्याआधी हे सांगितलंच पाहिजे. रिटोनाव्हिर यकृताला स्टेरॉइड मोडू देत नाही. एका इंजेक्शनने तोंड सुजणं, साखर वाढणं आणि अंगातली नैसर्गिक स्टेरॉइड आटणं, हे मी बघितलं आहे. याच ॲटाझानाव्हिरने काहींचे डोळे पिवळे दिसतात आणि घरचे कावीळ समजून झाडपाला सुरू करतात. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं पिवळं द्रव्य, वाढतं पण यकृत ठीक असतं, अशी ही पिवळाई बहुधा निरुपद्रवी असते. तरी यकृताची तपासणी एकदा करून मगच निश्चिंत व्हा, आणि झाडपाला नकोच.

आता तुमच्या भावाच्या टीबीकडे येतो, कारण त्याच्या डोळ्यात टीबीही बसलेला असू शकतो. पडद्याच्या मागच्या थरात टीबीच्या पिवळसर गाठी होतात आणि एआरटी सुरू झाल्यावर त्या मानेतल्या गाठींसारख्याच फुगू शकतात. त्यामुळे डोळ्याच्या डॉक्टरपासून टीबी लपवू नका. आणि टीबीच्या औषधांतलं एक, इथॅम्ब्युटॉल, डोळ्याच्या नसेवर परिणाम करू शकतं. आपल्याकडे आता ते पूर्ण सहा महिने चालतं, म्हणून याची माहिती प्रत्येकाला हवी. सीएमव्ही आणि इथॅम्ब्युटॉलचा त्रास घरी वेगळे ओळखायला सोपी खूण आहे: सीएमव्ही सहसा आधी एका डोळ्यात सुरू होतो आणि कडेचा भाग खातो. इथॅम्ब्युटॉलचा त्रास दोन्ही डोळ्यांत सारखा, हळूहळू, साधारण दोन महिन्यांनंतर, आणि मध्यभागी येतो. रंग आधी जातात.

माझ्याकडे भाजी विकणाऱ्या एक मावशी यायच्या. त्यांनी ‘अंधुक दिसतं’ असं म्हटलंच नाही. म्हणाल्या, ‘डॉक्टर, कच्चं टमाटं आणि पिकलेलं टमाटं मला एकाच रंगाचं दिसतंय, गिऱ्हाईक भांडतंय.’ तेवढ्या वाक्यावर निदान झालं. टीबीच्या डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलून इथॅम्ब्युटॉल बंद केलं आणि चार महिन्यांत टोमॅटो परत लाल झाले. उशीर झाला असता तर ती नस कायमची वाळली असती. एक बारकावा: इथॅम्ब्युटॉल मूत्रपिंडातून बाहेर जातं, आणि एआरटीतलं टेनोफोव्हिर काहींच्या मूत्रपिंडावर परिणाम करतं. म्हणून दोन्ही चालू असतील तर क्रिएटिनिनची तपासणी चुकवू नका. पण टीबीच्या गोळ्याही स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. कोणती बंद आणि कोणती चालू, हे डॉक्टरच ठरवतील.

घरी रोज एक करा. भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर सहा-सात फुटांवर त्याला बसवा. एका डोळ्यावर तळवा ठेवायचा, बोटांच्या फटी नकोत. मधल्या तारखेकडे बघत राहायचं आणि चारही कोपरे दिसतात का ते सांगायचं. मग दुसरा डोळा. नंतर कुंकवाचा करंडा दाखवून विचारा, दोन्ही डोळ्यांना सारखाच लाल दिसतो का. आपण दोन्ही डोळ्यांनी बघतो तेव्हा चांगला डोळा वाईट डोळ्याचं अपयश झाकून टाकतो. कित्येकांना एक डोळा गेल्याचं कळतं ते दुसऱ्यात कचरा गेल्यावर. ही परीक्षा तपासणीच्या ऐवजी नाही, दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांसाठी आहे.

बाकीचे आजार थोडक्यात. पडद्यावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरे ठिपके निघाले आणि डॉक्टर म्हणाले की हे फक्त एचआयव्हीचे आहेत, तर घाबरू नका. सीडी-४ वाढले की जातात. कपाळावर आणि एका पापणीवर नागीण उठली, विशेषतः नाकाच्या शेंड्यावर फोड आला, तर तीन दिवसांच्या आत ॲसायक्लोव्हिर सुरू व्हायला हवं, नुसता लेप लावून बसू नका. हाच नागिणीचा विषाणू सीडी-४ खूप कमी असताना पडद्यात शिरला तर काही दिवसांत डोळा घेतो; तो सीएमव्हीपेक्षाही वेगवान. जोराची डोकेदुखी, उलट्या आणि एकाचे दोन दिसणं असेल तर तो नुसता डोळ्याचा प्रश्न नाही, मेंदूभोवतीच्या क्रिप्टोकॉकस या बुरशीचा असू शकतो, थेट मोठ्या रुग्णालयात जा. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी पडद्यात निघाला तर मेंदूचा एमआरआय करतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर वेलीसारखं वाढलेलं मांस तरुण माणसात दिसलं तर ते ‘साधं मांस’ म्हणून सोडू नका, ती कर्करोगाची सुरुवात असू शकते आणि लवकर काढली तर सुटका होते. आणि सिफिलिस: सीडी-४ कितीही असोत, तो डोळ्यात येऊ शकतो, पेनिसिलिनने बरा होतो, आणि रक्ताची एक स्वस्त तपासणी त्याला पकडते. लाजेपोटी ती तपासणी टाळल्याने गेलेले डोळे मला सर्वांत जास्त खुपतात.

माझा स्वतःचा रिवाज असा आहे: सीडी-४ शंभरच्या खाली असेल तर तक्रार असो वा नसो, एआरटी सुरू होतानाच पडदा बघायचा. पन्नासच्या खाली असेल तर शंभर पार होऊन स्थिरावेपर्यंत दर तीन महिन्यांनी. एआरटी सेंटरमध्ये दर भेटीला चार प्रश्न ठरलेले असतात: खोकला, ताप, रात्रीचा घाम, वजन. टीबी शोधायला ते आहेत आणि त्यांनी खूप जीव वाचवले. त्यात पाचवा प्रश्न डोळ्यांचा घाला, असं मी भेटेल त्या समुपदेशकाला सांगतो. म्यानमारमध्ये एचआयव्हीच्या दवाखान्यातल्या साध्या डॉक्टरांनाच डोक्याला दिवा बांधून पडदा बघायला शिकवलं गेलं आणि ते उत्तम बघायला लागले. आपल्या जिल्ह्यांत हे का होऊ नये, हे मला समजत नाही.

एक अडचण मी आधीच सांगून ठेवतो. एचआयव्ही म्हटल्यावर काही ठिकाणी तोंडं बदलतात. एका दवाखान्यात माझ्या रुग्णाला ऑपरेशनच्या टेबलावरून उतरवून ‘मशीन बिघडलं’ असं सांगितलं होतं; पडदा सुटलेला होता आणि पाच दिवस वाया गेले. तरीही माझा सल्ला आहे की डॉक्टरला सांगा, कारण न सांगता निदान चुकतं. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्हीच्या कारणावरून उपचार नाकारणं किंवा भेदभाव करणं त्यात बेकायदा आहे, आणि तुमची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अडवलं तर एआरटी सेंटरच्या समुपदेशकाला तिथूनच फोन लावा, किंवा १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.

उद्या जाताना एआरटीचं पुस्तक, सीडी-४ चा कागद, टीबीच्या गोळ्यांचं पाकीट, आणि असेल तर क्रिएटिनिन व हिमोग्लोबिनचा रिपोर्ट न्या. डॉक्टरला एकच वाक्य सांगा: ‘सीडी-४ ३१ होता, एआरटीला सहा आठवडे झाले, दोन्ही डोळ्यांचे पडदे कडेपर्यंत बघा.’ तक्रार एका डोळ्याची असली तरी दोन्ही. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्याला गाडी चालवू देऊ नका आणि एसटीने एकट्याला पाठवू नका, तुम्ही सोबत जा. दिवसभराची औषधं पिशवीत ठेवा. एआरटीच्या गोळीची वेळ तिथे रांगेत बसलेले असताना झाली, तर तिथेच पाण्याची बाटली काढून ती घेऊ द्या.